हाड जुळलं, पण पाय टेकत नाही: तरुण कुत्र्याच्या मागच्या पायात ताकद कशी आणायची

प्रश्न थोडक्यात असा. बंड्या, दहा महिन्यांचा गावठी कुत्रा, वजन १७ किलो. नऊ आठवड्यांपूर्वी स्कूटरच्या धडकेत उजव्या मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवली. नव्या एक्स-रेमध्ये हाड नीट जुळलेलं आहे आणि सर्जनांनी ‘आता हळूहळू चालवा’ असं सांगितलंय. पण बंड्या घरभर तीन पायांवरच धावतो, उजवी मांडी डावीच्या जवळपास निम्मी दिसते. आजोबा म्हणतात मैदानावर मोकळा सोडा, आपोआप पाय वापरेल. शेजारी म्हणतात नदीत पोहायला न्या. शिवाय कॅल्शियमचं टॉनिक चालू ठेवायचं का, हेही विचारलंय.

आजोबांपासून सुरुवात करतो, कारण हा सल्ला प्रत्येक घरात कुणीतरी देतंच. मैदानावर सोडू नका. कुत्रा उभा असताना त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्या दोघांवर. म्हणजे एका मागच्या पायाच्या वाट्याला जेमतेम २० टक्के. एवढा भार इतर तीन पायांवर वाटून टाकणं तरुण, सडपातळ कुत्र्याला काहीच अवघड नसतं, आणि वेग वाढला की ते आणखी सोपं होतं. चौखूर धावताना चौथा पाय पोटाशी धरला तरी त्याचं काही अडत नाही. उलट हळू चालताना प्रत्येक पाय एकेक करून टेकवावाच लागतो, नाहीतर तोल जातो. त्यामुळे बंड्याला जितका पळू द्याल तितकी त्याची तीन पायांची सवय पक्की होईल, आणि मांडी तशीच राहील. त्याला आळस नाही, घाई आहे. तुमचं पुढच्या दोन-तीन महिन्यांचं काम म्हणजे ही घाई मोडणं.

त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या, कारण त्यांत गडबड असेल तर व्यायामाने फायदा होणार नाही.

पहिली, गुडघा वाकतो का. बंड्याला डाव्या कुशीवर निजवा, एका हाताने उजव्या गुडघ्याच्या वर आधार द्या आणि दुसऱ्या हाताने पाऊल धरून पाय सावकाश दुमडा. मग कूस बदलून डाव्या पायाचं तेच करून बघा. निरोगी गुडघा इतका दुमडतो की टाच ढुंगणाजवळ येते. उजवा पाय थोडा कमी वाकत असेल तर चालेल, ते सुधारतं. पण तो लाकडासारखा ताठ असेल, मागे सरळ राहत असेल आणि गुडघा मुळीच वाकत नसेल, तर मांडीच्या पुढचा मोठा स्नायू हाडाला चिकटून आखडलाय अशी शंका घ्यायची. मांडीचं हाड मोडलेल्या लहान वयाच्या कुत्र्यांमध्ये हे होतं, विशेषतः पाय बराच काळ सरळ बांधून ठेवला असेल तर. हे मालिशने सुटत नाही, जोर लावून वाकवल्यानेही सुटत नाही. त्याच आठवड्यात सर्जनांना दाखवा.

दुसरी गोष्ट, पाय दुखतोय म्हणून उचललाय की सवय म्हणून. बंड्या शांत उभा असताना, ताटलीतलं खात असताना बघा. उजवी बोटं जमिनीला टेकतात का? उभा असताना टेकतात आणि धावताना उचलतो, तर बहुतेक सवय. उभा असतानाही पाय हवेत आणि मांडी किंवा खुबा दाबल्यावर मान वळवून तुमच्या हाताकडे बघतो, ओठ चाटतो, श्वास रोखतो, तर दुखणं आहे. कुत्रं ओरडतंच असं नाही. शंका असेल तर सर्जन काही दिवसांसाठी वजनाच्या हिशोबाने वेदनाशामक देतात. त्या दिवसांत तो पाय टेकवायला लागला तर उत्तर मिळालं.

औषधाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं बिघडतात. डायक्लोफिनॅकवर तर जनावरांसाठी भारतात २००६ पासून बंदी आहे, ती गिधाडांमुळे आली, पण कुत्र्यांसाठीही ते वाईटच. दुखण्यावर चोळायचे बामही नकोत. त्यांत कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट असतं, आणि कुत्रं ते पाच मिनिटांत चाटून पोटात घालतं.

उजव्या पंजाची नखंही एकदा बघा. न टेकवलेल्या पायाची नखं झिजत नाहीत म्हणून लांब वाढतात, आणि लांब नख जमिनीला टोचलं की तो आणखी पाय उचलतो. कापून घ्या. नखं वरच्या बाजूने घासलेली दिसली तर मात्र तो बोटं मुडपून ओढत चालतोय असा अर्थ होतो. मग नसेची तपासणी हवी, व्यायाम नंतर.

हे सगळं ठीक असेल तर चालायला सुरुवात करा. पट्टा आखूड, हातात सैल, बंड्या तुमच्या गुडघ्याशी. गळपट्ट्यापेक्षा छातीवरचा हार्नेस बरा. वेग किती? इतका कमी की तुम्हाला कंटाळा येईल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर फिरताना आपण जो वेग ठेवतो, तोच. खरं तर हे काम आजोबांकडेच द्या, त्यांची चाल याला अगदी योग्य आहे आणि मैदानाचा आग्रहही सुटेल. उजवं पाऊल चार-पाच पावलं सलग टेकलं की शाबासकी, एखादा तुकडा. पाय उचलला की ओढायचं नाही, रागवायचं नाही, थांबायचं. चारही पाय जमिनीवर आले की पुन्हा पहिलं पाऊल. सुरुवातीला दर दहा पावलांना थांबावं लागेल.

पहिल्या आठवड्यात एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सकाळी एकदम अर्धा तास चालवणं हा सर्वांत जास्त दिसणारा घोळ, कारण पहिल्या दहा मिनिटांनंतर थकलेला स्नायू काम सोडतो आणि पुढची वीस मिनिटं कुत्रं तीन पायांची उजळणी करतं. पुढे दर आठवड्याला प्रत्येक फेरी दोन-तीन मिनिटांनी वाढवा. वाढवायची की नाही हे दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरवते. आदल्या रात्री थोडा दमलेला दिसला तर हरकत नाही. पण सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त लंगडत असेल, तर दोन दिवस वेळ निम्मी करा आणि मग पुन्हा चढवा.

पंधरा-वीस मिनिटं सलग नीट चालायला लागला की चढ शोधा. सोसायटीच्या पार्किंगचा उतार, पुलाची पोच, टेकडीची रुंद वाट, काहीही चालेल. चढताना भार मागच्या पायांवर सरकतो, उतरताना पुढच्या. म्हणून चढ सरळ चढायचा आणि उतरताना नागमोडी, अगदी सावकाश.

तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता आणि लिफ्ट नाही, असंही लिहिलंय. पहिले दोन-तीन आठवडे उचलून न्या. कंबर साथ देत नसेल तर जुना टॉवेल पोटाखालून, मांड्यांच्या लगेच पुढून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरून मागचा भार उचला. नंतर पट्टा लावून एकेक पायरी. दोन्ही मागचे पाय एकदम उडवून सशासारखा चढत असेल तर तो व्यायाम नाही, तो निसटतोय. थांबवा आणि पुन्हा हळू.

आता उठबस. मला एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

निरोगी कुत्रं बसतं तेव्हा दोन्ही टाचा अंगाखाली येतात आणि दोन्ही गुडघे पुढे बघतात. बंड्या आत्ता बसताना उजवा पाय बाहेर फेकून एका कुल्ल्यावर बसत असणार. बहुतेक सगळे असेच बसतात. म्हणून त्याला अशा तऱ्हेने उभा करा की उजवी बाजू भिंतीला लागेल, म्हणजे पायाला बाहेर जायला जागाच उरणार नाही. खाली सतरंजी किंवा योगा मॅट हवी, टाइल नको. उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा नाकासमोर धरा आणि हात सावकाश वर, किंचित मागे न्या. डोकं वर गेलं की कंबर आपोआप खाली येते. बसला की एक क्षण थांबा, टाच आत आहे का बघा. मग हात पुढे आणा, तो उठेल. आता तुमचं लक्ष उजव्या मांडीवर हवं. उठताना तिथला स्नायू कडक होतो का? पंजाची बोटं पसरून जमीन दाबतात का? की तो सगळा जोर डाव्या पायाने लावतोय आणि उजवा नुसता बरोबर येतोय? बोटं पसरली तर ती एक उठबस मोजायची, नाहीतर नाही. पुढे चालत जाऊन उठत असेल तर कोपऱ्यात न्या, तुम्ही समोर बसा. कंबरेवर हाताने दाबून कधीही बसवू नका.

पाच उठाबशा सकाळी, पाच संध्याकाळी. जमलं की आठ, मग दहा, पुढे पंधरापर्यंत. रोजचं जेवणही याच कामाला लावा. ताटली खाली ठेवण्याआधी दोन नीट उठाबशा, असा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

उठबस जमेपर्यंतच्या दिवसांत नुसतं उभं राहणंही उपयोगी. मॅटवर चौरस उभा करा, दोन्ही हात कंबरेच्या दोन बाजूंना ठेवा आणि अगदी हलकेच डावीकडे-उजवीकडे डोलवा. इतकं हलकं की पाऊल हलू नये, फक्त भार सरकावा. तीन-चार आठवड्यांनी डावा मागचा पंजा जमिनीपासून बोटभर उचलून दोन-तीन सेकंद धरा. आता उजव्याला भार घ्यावाच लागतो. कुरकुर केली तर सोडून द्या, उद्या बघू.

काही कुत्री एवढं करूनही पाय विसरतात. त्यांच्यासाठी जुनी युक्ती आहे: चांगल्या पायाच्या पंजाखाली बाटलीचं प्लास्टिकचं झाकण चिकटपट्टीने हलकं बांधायचं. ते टोचतं, म्हणून तो भार दुसऱ्या पायावर टाकतो. एका वेळी पाच मिनिटं, तुमच्या डोळ्यांसमोर, आणि लगेच काढायचं. पट्टी घट्ट बांधून विसरलात तर पंजा सुजेल. सर्जनांना विचारल्याशिवाय हे करू नका.

चाल सुधारली की झाडूचे दांडे किंवा पीव्हीसीचे पाइप जमिनीवर ओळीने ठेवा, पाच-सहा पुरे. दोन दांड्यांमध्ये प्रत्येक पाय एकदाच पडेल इतकं अंतर त्याची चाल बघून ठरवा. आधी जमिनीवरच, मग आडव्या ठेवलेल्या विटेच्या उंचीवर, त्याहून वर नाही. पट्ट्यावर, चालत. उड्या मारत ओलांडले तर खाली उतरवा.

चालण्याआधी दहा मिनिटं मांडीवर गरम पाण्याची पिशवी, टॉवेलमध्ये गुंडाळून. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तिथे सुखद वाटली पाहिजे. शेक झाला की मघाशी सांगितलं तसं गुडघा दहा-बारा वेळा सावकाश वाकवा, सरळ करा. अडलं तिथे थांबा, ढकलू नका. तेलाचा हात हलका फिरवलात तर बिघडत नाही, पण पाय ‘बसवून’ देणाऱ्या कुणाकडेही नेऊ नका. आत प्लेट आणि स्क्रू आहेत.

फरशीबद्दल कुणी विचारत नाही, आणि मला वाटतं निम्मी कुत्री फरशीमुळेच मागे पडतात. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर अशक्त पाय बाहेर घसरतो, एकदा घसरला की भीती बसते, मग पाय पोटाशी. त्याच्या अंथरुणापासून ताटलीपर्यंत आणि तिथून दारापर्यंत सतरंजी, योगा मॅट, धुतलेलं गोणपाट, जे असेल त्याची सलग वाट करा. सतरंजी स्वतःच घसरत असेल तर खाली रबरी जाळी घाला. पंजाच्या गाद्यांमधले केस वाढले असतील तर कापा. पावसाळ्यात बाहेरून आला की पंजे पुसा.

आता नदी. जखम भरलीय, हाड जुळलंय, म्हणजे पाण्याला तत्त्वतः हरकत नाही. पण पोहताना कुत्रं मुख्यतः पुढच्या पायांनी पाणी ओढतं, आजारी मागचा पाय मागे तरंगत राहू शकतो. शिवाय नदीकाठची निसरडी उतरण, आत मारलेली उडी आणि गढूळ पाण्यातला लेप्टोस्पायरोसिसचा धोका, हे सगळं त्या फायद्यासाठी घेण्यासारखं नाही. मोठ्या शहरांत काही ठिकाणी पाण्यातली ट्रेडमिल असते, ती खरोखर उपयोगी. पाणी खुब्यापर्यंत असेल तर पायांवर शरीराचा सुमारे ३८ टक्के भार येतो, गुडघ्यापर्यंत असेल तर सुमारे ८५ टक्के. म्हणजे भार कमी करायचा तर पाणी खोल हवं, आणि पाण्याच्या रेट्यामुळे पाय उचलून पुढे टाकायला जोरही लागतो. कोकणात असाल तर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर पंजाभर पाण्यातून पट्ट्यावर चालवणं हा चांगला पर्याय आहे. सुक्या, रुतणाऱ्या वाळूत मात्र इतक्यात नको.

कॅल्शियमचं टॉनिक बंद करायला हरकत नाही, पण बंड्या काय खातो ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावर अवलंबून आहे. पिल्लांसाठीचं तयार खाद्य मुख्य आहार असेल तर त्यात कॅल्शियम हिशोबात घातलेलं असतं, वरून देऊ नये. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांत जास्तीच्या कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. घरचं अन्न असेल तर प्रश्न वेगळा. नुसत्या मांस-भातावर वाढलेल्या पिल्लांना कॅल्शियम खरंच कमी पडतं, हाडं पातळ होतात, आणि दिवाणावरून उडी मारल्यावरही मोडतात. अशा वेळी डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्या. आणि दूध-पोळी किंवा दूध-भाकरीवर असेल, तर मांडी भरून यायला लागणारी प्रथिनंच अपुरी आहेत. अंडी, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, मासे, थोडं पनीर रोजच्या खाण्यात हवं. शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांच्या कपच्या होतात. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. आजारी म्हणून लाडाने वजन वाढवलंत तर तो भार याच पायावर येईल.

दहा महिन्यांच्या कुत्र्याला पळायचं नाही म्हटलं की तो घर डोक्यावर घेणार. त्याचं नाक दमवा. सकाळच्या जेवणाचे दाणे घडी घातलेल्या टॉवेलमध्ये लपवा, किंवा गवतात पसरा आणि पट्ट्यावर शोधू द्या. चेंडू फेकणं, दुसऱ्या कुत्र्याशी कुस्ती, सोफ्यावर उड्या, बेल वाजली की दाराकडे झेप, हे सगळं बंद. दाराशी लहान फाटक लावा. दिवाळी या काळात येत असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. फटाक्याला बिचकून पट्टा तोडून पळालेली आणि प्लेट वाकवून आलेली कुत्री दरवर्षी बघायला मिळतात.

मांडीचं माप शिंप्याच्या टेपने घ्या, दर दोन आठवड्यांनी, त्याआधी नाही. कुत्रा उभा, मांडीच्या मध्यावर, दोन्ही पाय, आणि दर वेळी एकाच माणसाने मोजायचं. पहिला महिना टेप फारसं काही दाखवणार नाही. आधी पाऊल टेकण्यात फरक पडतो, मांस नंतर चढतं. स्नायू जायला आठवडे लागतात, यायला महिने. शेवटी दोन्ही मांड्यांत थोडा फरक राहूनही गेला, पण चालताना दोन्ही पावलं सारखी पडत असतील, तर मी समाधानी असेन.

प्लेट सहसा आतच राहते, ती काढायलाच हवी असं नाही. पण सुधारत असलेला पाय अचानक बिघडला, मांडी सुजली, टाक्यांच्या जागी ओलसर छिद्र दिसलं किंवा ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर व्यायाम थांबवून एक्स-रे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं, त्यामुळे १०१ बघून घाबरू नका. जवळपास फिजिओथेरपी करणारं कुणी नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात शल्यचिकित्सा विभाग असतो: मुंबईत परळ, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. जाताना जुने-नवे सगळे एक्स-रे आणि चालतानाचा बाजूने व मागून काढलेला मोबाइलवरचा व्हिडिओ न्या. दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं नीट चालून दाखवत नाही.

राहिला मोकळं सोडण्याचा प्रश्न. पट्ट्यावर दुडक्या चालीने दहा मिनिटं सरळ रेषेत गेला, एकदाही उजवा पाय चुकवला नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीसारखाच उठला, असं आठवडाभर झालं की आजोबांच्या मैदानावर न्या. आधी लांब दोरीवर, एकटा, पाच मिनिटं. इतर कुत्र्यांच्या टोळीत त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी.